पाने टाकण्याची विद्या

लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाच्या बशा उचलल्या, की आमच्या सोलापुरात पुष्कळ घरांत सतरंजी पसरून पत्ते पिसले जातात. पोकरचे नाव तिथे कुणी काढत नाही, पण त्याचे धाकटे भावंड हजर असते : तीन पत्ती. शिकायला पाच मिनिटे पुरतात. सर्वांत वर तिकडी. मग एकाच रंगाची सलग पाने, साधी सलग पाने, नुसता रंग, जोडी आणि शेवटी मोठे पान.

हा क्रम आला कुठून, हे मात्र शिकवणारे काका सांगत नाहीत. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला आकडा मोजल्याशिवाय चैन पडत नाही. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० तऱ्हांनी येतात. त्यांत तिकड्या अवघ्या ५२. एकरंगी सलग त्याहून कमी, ४८. तरी मान तिकडीला! (हिशेबापुढे रिवाज जिंकतो तो असा.) साधी सलग ७२०, नुसता रंग १,०९६, जोड्या ३,७४४. उरलेल्या १६,४४० तऱ्हांत हाती काहीही नसते. म्हणजे चारांतले तीन डाव रिकामेच.

तेव्हा शिकायचे ते पाने टाकायला. भांड्यात ९० रुपये आहेत आणि शो मागायला ३० लागतात. चारांत एकदा जिंकण्याची आशा असेल तर बरोबरी. त्याहून कमी असेल तर उठावे. ‘आतापर्यंत इतके घातले, आता कसे सोडू?’ हा प्रश्न मी कर्जदारांच्या तोंडून फार ऐकला आहे. भांड्यात गेलेला रुपया आपला नसतो, हे सतरंजीवर पटत नाही आणि सावकाराच्या ओसरीवरही पटत नाही. पगार घरी पोचण्याआधी संपतो तो इथेच.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ ठरवले, तेव्हा तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाच्या बाजूला टाकली. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना, कौशल्य असो वा नशीब, सरसकट बंदी केली. मोबाइलवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, नि ‘पुरे झाले, झोपा आता’ म्हणणारी आजीही नसते.

नातवंडांना मी चिंचोक्यांवर खेळायला बसवतो. पहिल्या दिवशी धाकटीने सलग सहा डाव पाने टाकली. मोठा तिला भित्री म्हणाला. सातव्या डावाला तिने त्याचे सगळे चिंचोके नेले.