काढा, गवती चहा आणि आंबील : आपल्या इथल्या घरांसाठी



नोव्हेंबरात घड्याळे एक तास मागे गेली की आपल्या घरोघरी खोकल्याचे आवाज सुरू होतात आणि त्यापाठोपाठ बॅगांच्या कप्प्यांतून पुड्या बाहेर येतात. सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, अडुळशाची वाळलेली पाने, शिवाय कुणा मावशींनी 'हे जरूर ने' म्हणून दिलेले बिननावाचे चूर्ण. डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी मिळते. ती मिळाली तरी 'व्हायरल आहे, आराम करा, भरपूर पाणी प्या' एवढे ऐकून आपण परत येतो. त्यातून लहान मुलांसाठी दुकानातले खोकल्याचे औषधही आता सहज देता येत नाही. २००८ साली इथल्या एफडीएने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची बिनचिठ्ठीची औषधे देऊ नयेत असे सांगितले, आणि कंपन्यांनी तर बाटलीवर चार वर्षांची मर्यादा छापली. मग आजी गॅसवर पातेले चढवते, यात नवल ते काय?

हे पातेले नेमके काय करते, कुठे ते आपल्या उपयोगाचे आहे आणि कुठे सांभाळून राहायला हवे, हे नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख. आम्ही वैद्यही नाही आणि डॉक्टरही नाही. माहिती जमवून, पडताळून आपल्यापुढे ठेवत आहोत.

काढा वेगळा, चहा वेगळा

आपण बोलताना सगळ्यालाच काढा म्हणतो, पण आयुर्वेदात यांची नावे आणि पद्धती वेगळ्या आहेत. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचे, म्हणजे क्वाथाचे प्रमाण दिले आहे : एक भाग भरडलेले औषध, सोळा भाग पाणी, आणि आटवून आठवा हिस्सा उरवायचा. गरम पाण्यात औषध टाकून, थोड्या वेळाने गाळून घेतले तर तो फांट. थंड पाण्यात रात्रभर भिजवून ठेवले तर तो हिम. म्हणजे आपला रोजचा चहा हा खरे तर फांटाचा भाऊबंद.

हा फरक निव्वळ शब्दांचा नाही. मुळे, साली, खोडे कठीण असतात. त्यांचा अर्क उतरायला उकळावेच लागते. पण तुळस, गवती चहा, पुदिना यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जाते. गवती चहा वीस मिनिटे उकळला तर स्वयंपाकघर छान दरवळते, पण दरवळ घरात गेला म्हणजे कपातून गेलाच की! म्हणून सुंठ, मिरे, दालचिनी आधी उकळावी, गॅस बंद करताना पाने घालावीत आणि पाच-सात मिनिटे झाकण ठेवावे. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही पातेल्यातच पडू द्यावेत.

आले आणि सुंठ एकच, असेही समजू नये. ओल्या आल्यात जिंजरॉल नावाचे द्रव्य असते. आले वाळले की त्यातल्या काही भागाचे शोगॉल होते, आणि ते अधिक तिखट. म्हणून सुंठ चिमूटभर पुरते. आल्याचा चहा करताना दूध फाटते, अशी तक्रार इथे नव्याने संसार मांडलेली मुले-मुली हमखास करतात. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर असते, त्याचा हा प्रताप. आले आधी पाण्यात खळखळून उकळावे, दूध नंतर घालावे. दूध फाटत नाही.

या सगळ्याने सर्दी बरी होते का? विषाणूची सर्दी आठवडाभरात आपली आपणच जाते. गरम पेयाने घसा शेकतो, नाक मोकळे होते, पोटात पाणी जाते आणि माणूस दोन घटका पांघरूण घेऊन बसतो. एवढे मिळाले तरी आमच्या मते काढ्याने आपले काम केले. काही गोष्टींना याहून अधिक आधार आहे. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्याच्या धर्तीवरच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि ते कित्येक देशांत वापरले जाते. मधाचेही तसेच. पेनसिल्व्हेनियात २००७ साली १०५ मुलांवर झालेल्या एका अभ्यासात झोपण्यापूर्वी मध घेतलेल्या मुलांचा रात्रीचा खोकला काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा कमी झाला होता.

मात्र मधाबद्दल एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. चाटणात नाही, गुटीत नाही, बोटाला लावूनही नाही. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते घरच्या उकळण्याने मरत नाहीत. मोठ्यांच्या पोटात ते निमूट निघून जातात. बाळाच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू लागतात. बारशाला आलेल्या आजीला हे सांगणे अवघड असते, आम्हाला कल्पना आहे. डॉक्टरांच्या तोंडून सांगवावे, सोपे जाते.

गवती चहा कुठे मिळेल?

भारतीय दुकानात नाही मिळाला तर व्हिएतनामी किंवा थाई दुकानात जावे. तिथे 'लेमनग्रास' नावाने दांडे मिळतात. ती मंडळी स्वयंपाकात दांडा वापरतात, आपल्याला हवी असते पात, आणि ती बहुतेक छाटून टाकलेली असते. उपाय सोपा आहे. बुंधा शाबूत असलेले तीन-चार दांडे निवडून पेलाभर पाण्यात खिडकीपाशी ठेवावेत, पाणी दोन दिवसांनी बदलावे. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटली की कुंडीत लावावेत. उन्हाळ्यात ही कुंडी बाहेर नुसती फोफावते. पहिले हिव पडण्यापूर्वी ती घरात घ्यायची, नाहीतर एका रात्रीत सगळे जळते. टेक्सास-फ्लोरिडाकडच्या आणि आखातातल्या मंडळींना ही चिंता नाही. त्यांनी फक्त पाणी विसरू नये. तुळशीचेही असेच. तिला थंडी मुळीच सोसत नाही.

आंबवलेली पेये

आंबवलेले म्हटले की इथल्या मुलांना आता कोंबुचा आठवतो. सहा डॉलरची बाटली घेणाऱ्या आपल्याच मुलाला आपण आंबील दिली तर तो नाक मुरडतो! वास्तविक दोन्हींमागचे तत्त्व एकच : सूक्ष्म जंतूंनी साखर किंवा पीठ खायचे आणि आम्ल तयार करायचे. त्या आम्लामुळे पेय आंबट होते आणि घातक जंतूंना त्यात वाढणे कठीण जाते.

आंबील हे गरिबाघरचे पेय म्हणून आपण ती शहरात विसरलो. देशावर ज्वारीची आणि नाचणीची, कोकणात नाचणीची; उन्हात शेतावर जाणाऱ्याला न्याहारीही तीच. कोल्हापुरात तर सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा करून लोक परतले की ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी जास्त. पण त्याच धान्यात फायटेट असते आणि ते कॅल्शियम, लोह धरून ठेवते. पीठ आंबवले की फायटेट कमी होते आणि ही खनिजे शरीराला अधिक लागू पडतात. आपल्या पणज्यांना हा शब्द माहीत नव्हता, रीत माहीत होती.

ताकाबद्दल थोडेसे. इथल्या दुकानात 'बटरमिल्क' म्हणून जे मिळते ते आपले ताक नव्हे. कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून ते दाट केलेले असते. कढीला चालेल, प्यायला दही विरजून घुसळलेलेच बरे. विरजणासाठी 'लाइव्ह अँड ॲक्टिव्ह कल्चर्स' लिहिलेले साधे दही घ्यावे. थंडीत दही लागत नसेल तर ओव्हन चालू न करता नुसता त्यातला दिवा लावून भांडे रात्रभर आत ठेवावे. ज्यांना दुधाने पोट फुगते त्यांना ताक बऱ्याचदा सोसते, कारण जंतूंनी दुधातली काही साखर आधीच संपवलेली असते. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. कळकलेले ताक हे आजीने घातलेले भय नाही. धातू खरोखरच त्यात उतरतो. काच किंवा स्टील उत्तम. वर बुरशीचा रंगीत थर दिसला तर तो काढून खालचे वापरू नये, सगळे फेकावे.

आसवे-अरिष्टेही आंबवलेलीच. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत आंबताना तयार झालेले अल्कोहोल साधारण ५ ते १० टक्के असते. ती चमचाने घ्यायची औषधे आहेत, टॉनिक म्हणून गोड लागते म्हणून कपाने नव्हे, आणि मुलांना तर नाहीच. आखातात जाणाऱ्यांनी अशा बाटल्या बॅगेत टाकण्यापूर्वी तिथला नियम पाहावा. कोंबुचातही थोडे अल्कोहोल असतेच. अमेरिकेत अर्ध्या टक्क्यावर गेले की कायद्याने ते मद्य ठरते, आणि याच कारणावरून २०१० मध्ये अनेक दुकानांनी त्याच्या बाटल्या काही काळ कपाटातून काढून घेतल्या होत्या.

सांभाळायचे कुठे

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आपल्यात फार घट्ट आहे. ज्येष्ठमध घ्या. गोड, घशाला सुखद. पण त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. अधूनमधून एक तुकडा चघळणे वेगळे आणि महिनाभर रोज दोन वेळा काढा घेणे वेगळे. आता विचार करा, सहा महिन्यांसाठी आलेले बाबा रक्तदाबाची गोळी घेतात, त्यातच शरीरातले पोटॅशियम कमी करणारी लघवीची गोळी, आणि वर हा काढा. दाब का उतरत नाही म्हणून डॉक्टर गोळी वाढवतात. कारण पातेल्यात असते आणि ते कुणी विचारत नाही.

गुळवेलीचेही पाहावे. २०२० मध्ये साथीच्या काळात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुकांचा काढा सुचवला होता. लोकांनी त्यात आपापल्या मनाने गुळवेल वाढवली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवली नाही असे म्हटले. वाद काहीही असो, यकृताचा किंवा थायरॉइडसारखा स्वप्रतिकारशक्तीचा आजार असलेल्यांनी ती स्वतःहून सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाळगुटीतले वेखंड तर अमेरिकेत खाद्यपदार्थात घालायला १९६८ पासून बंदी आहे, त्यातल्या ॲसॅरोनमुळे. अडुळसा गर्भाशयाचे आकुंचन वाढवू शकतो, गरोदरपणी टाळावा. वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळद-आल्याचे मोठे डोस विचारल्याशिवाय नकोत. भाजीतल्या हळदीबद्दल आम्ही बोलत नाही. मधुमेहाच्या औषधावर रोज मेथीचे पाणी घेणाऱ्यांनी साखर मोजत राहावी. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी भूलतज्ज्ञांना सगळे सांगावे.

राहिले ते बिननावाचे चूर्ण. बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा कोणताही डोस सुरक्षित नाही. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती वापरू नये, देणारे कितीही प्रेमाचे असोत. असे काही मुलाला आधीच दिले गेले असेल तर बालरोगतज्ज्ञांना शिशाची रक्ततपासणी मागावी, साधी असते.

डॉक्टर विचारतात, 'कोणती औषधे चालू आहेत?' आई म्हणते, 'काही नाही.' तिच्या लेखी ते खोटे नसते, काढा म्हणजे औषध थोडेच? म्हणून दुभाषाचे काम करणाऱ्या मुलाने किंवा सुनेनेच आधी विचारून घ्यावे आणि इथे समजतील अशी नावे सांगावीत : ज्येष्ठमध म्हणजे लिकरिश, गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा, वेखंड म्हणजे कॅलॅमस, अश्वगंधा म्हणजे विथानिया, तुळस म्हणजे होली बेसिल. पुडी किंवा बाटली सरळ सोबत न्यावी. लहान मुलाने काही गिळले आणि शंका आली तर अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

जाता जाता आंबील

दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ (दुकानात 'रागी फ्लोअर') अर्धी वाटी ताकात कालवून झाकून रात्रभर उबेला ठेवावे, थंडीत वर सांगितल्याप्रमाणे ओव्हनच्या दिव्याशी. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे मिश्रण हळूहळू ओतावे आणि गुठळी होऊ न देता ढवळत राहावे. सात-आठ मिनिटांत पीठ शिजून चकचकीत दिसू लागते. उकळल्यामुळे आंबवणारे जंतू मरतात, चव मागे राहते. म्हणून आंबील पूर्ण गार झाल्यावर त्यात पुन्हा वाटीभर ताजे ताक घालावे. गरम असताना घातले तर ताक फुटते. वरून ठेचलेली लसूण, जिऱ्याची पूड, कोथिंबीर. मीठ सगळ्यात शेवटी, ताकाचा आंबटपणा चाखून.