विश्लेषण : गळाला लागलेला मासा काठाशी येऊनच का सुटतो?

पावसाळा ओसरला की नागपूर परिसरातील तलावांच्या आणि कन्हान नदीच्या काठी गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. त्यांच्या गप्पांत एक तक्रार हमखास असते. मोठा मासा लागला होता, काठापर्यंत आला आणि सुटला! याचे खापर नशिबावर फोडले जाते. प्रत्यक्षात कारण बहुतेकदा दोरीवरच्या ताणात आणि शेवटच्या मिनिटातील घाईत सापडते.

शेवटच्या क्षणीच मासा का हातचा जातो?

पाणी माशाचे जवळजवळ सगळे वजन उचलून धरते. त्यामुळे तीन किलोचा मासा पाण्यातून ओढताना दोरीला त्याच्या वजनाचा भार जाणवत नाही, जाणवते ती फक्त त्याची धडपड. तोच मासा दोरीने हवेत उचलला की तीन किलोंचा पूर्ण भार एकदम दोरी, गाठ आणि गळाच्या टोकावर येतो. त्यातच मासा शेपटीचा फटकारा मारतो. इतका वेळ टिकलेली दोरी त्या एका हिसक्यात तुटते किंवा ओठ फाटून गळ निसटतो.

दुसरे कारण दोरीच्या लांबीचे. नायलॉनची दोरी थोडी ताणते आणि हिसका पचवते. मासा लांब असताना ही ताण घेणारी दोरी भरपूर असते. काठाशी मात्र हात-दीड हातच उरते. त्याच वेळी माशाला माणूस दिसतो आणि तो शेवटची जोरदार धाव घेतो.

मरळ आणि कटला यांच्यासाठी एकच पद्धत चालते का?

नाही. मरळ शिकारी मासा आहे. बेडूक आणि लहान मासे हे त्याचे खाद्य. जबडा कडक, दात तीक्ष्ण. त्यामुळे गळ पक्का रुतण्यासाठी सुरुवातीला ठाम झटका द्यावा लागतो. गळ रुतताच मरळ जलपर्णीत किंवा बुडालेल्या फांद्यांत घुसायला पाहतो. पहिल्या काही क्षणांत त्याला मोकळ्या पाण्याकडे वळवले नाही, तर दोरी अडकलीच म्हणून समजा. डोके झटकून गळ फेकण्यातही तो तरबेज असतो. अमेरिकेतील गळवाल्यांना बास मासा असाच छळतो. मासा उसळी घेऊ लागला की काठीचे टोक पाण्याकडे झुकवायचे आणि दोरी सैल पडू द्यायची नाही, हा तिथला उपाय इथेही लागू पडतो.

कटला आणि रोहू यांचे ओठ मऊ असतात. तिथे जोराचा झटका उलट नुकसान करतो. त्यांना धावू द्यावे, थकू द्यावे आणि सावकाश वळवावे.

ताण किती ठेवायचा?

रीळ असलेल्या काठीला ड्रॅग असतो. ठरावीक ताणानंतर दोरी आपोआप सोडणारी ही व्यवस्था. दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणावर ड्रॅग लावतात. म्हणजे चार किलोच्या दोरीला एक ते सव्वा किलो. साध्या वजनकाट्याला दोरी बांधून ओढली की हा ताण मोजता येतो. मासा धावत असताना रीळ फिरवू नये. तो थांबला की गुंडाळावे.

साध्या बांबूला रीळ नसते. तिथे काठीचा वाक हाच ड्रॅग. काठी माशाच्या रोखाने सरळ धरली की वाक जातो आणि सगळा भार दोरीवर येतो. दोरी हाताला मात्र कधीही गुंडाळू नये. मोठ्या माशाच्या ओढीने बोट कापले जाऊ शकते.

गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथेच दोरी कमजोर होते. दगडावर घासलेली दोरी बोटांत धरून तपासावी आणि खरखरीत लागलेला भाग कापून टाकावा.

काठाशी आल्यावर काय करायचे?

• हातजाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरावी. मासा जाळीवर आणावा, जाळी माशामागे पळवू नये.
• मासा डोक्याकडून जाळीत घ्यावा. शेपटीला जाळी लागली की तो उसळतो.
• मासा कुशीवर कलंडेपर्यंत थांबावे. तो थकल्याची ती खूण आहे.
• जाळी नसेल तर उतरत्या काठावर सरकवत आणावा. दोरीने उचलू नये.
• शेवाळलेल्या दगडी उतारावर पुढे झुकू नये. माशासाठी तोल जाणे परवडणारे नाही.

सुटलेला मासा वाचला असे समजायचे का?

नेहमी नाही. दोरी तुटली तर तोंडात गळ आणि मागे नायलॉन घेऊन मासा फिरतो. तुटलेली दोरी झुडपात राहिली तर पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. म्हणून मासा न सुटणे ही केवळ हौसेची गोष्ट नाही. मासा सोडूनच द्यायचा असेल तर ओल्या हातांनी धरावा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा झुंजही लवकर संपवावी. मरळ हवेतून श्वास घेऊ शकतो, कटला-रोहूला ती सोय नाही.

पावसाळ्यात मरळाची जोडी पिलांच्या थव्यावर पहारा देते. पाण्यावर लालसर पिलांचा थवा दिसला तर तिथे गळ टाकू नये. पालक गेले की पिले इतर माशांच्या तोंडी पडतात.

गळ कुठेही टाकता येतो का?

नाही. तोतलाडोह जलाशयाच्या पेंच राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्या भागात मासेमारीला मनाई आहे. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. अनेक तलाव आणि जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. पूर्व विदर्भातील ढिवर कुटुंबांची रोजी त्यावर चालते. एखाद्याच्या सुटीच्या दिवसाचा छंद हा त्यांच्या घरचा रोजगार असतो. त्यामुळे गळ टाकण्यापूर्वी परवानगी विचारावी आणि निघताना तुटकी दोरी खिशात घालून न्यावी.