दंडावरचा पट्टा, दवाखान्यात एसएमएस

दवाखान्याच्या खुर्चीत बसताच अनेकांचा रक्तदाब चढतो. घरी तोच आकडा उतरलेला असतो. मग गोळी वाढवायची ती कोणत्या आकड्यावर?

ब्रिटनमध्ये रिचर्ड मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी हे १,१८२ रुग्णांमध्ये तपासलं. निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. दोन गटांनी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ घरीच रक्तदाब मोजला. त्यांतला एक गट आकडे एसएमएसने पाठवी. आकडा फारच जास्त किंवा कमी आला, तर दवाखान्याशी बोला, असा निरोप उलट येई. वर्षअखेरीस या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी १३६ भरला, कागदावर नोंदी ठेवणाऱ्यांचा १३७, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचा १४०.४. फरक लहान दिसतो, पण तो टिकला तर पक्षाघाताचा धोका खरोखर कमी होतो.

यंत्र महागडं नसलं तरी चालेल. मोजण्याची शिस्त मात्र हवीच. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. चहा-तंबाखूनंतर लगेच मोजू नये, मोजताना बोलू नये. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त सरासरी म्हणजे रक्तदाब वाढलेला.

आकडे नुसते साठवून काहीच होत नाही. डॉक्टरांनी ते पाहून वेळेवर औषध बदलायला हवं. ब्रिटनमधल्या त्या दोन्ही गटांत नेमकं तेच जास्त झालं होतं.