'आम्ही' आणि 'आपण' : अमेरिकेतील परंपरावादी नेतृत्वाची भाषा

इंग्रजीत प्रथम पुरुषाच्या अनेकवचनास एकच सर्वनाम आहे. मराठीत ती दोन आहेत. 'आम्ही' म्हणताना वक्ता श्रोत्यास वगळतो, 'आपण' म्हणताना त्यास आपल्यात सामावून घेतो. हा भेद गुजरातीत आहे, द्राविडी भाषांतही आहे. इंग्रजीत मात्र तो रूपाने व्यक्त होत नाही. संदर्भावरून ओळखावा लागतो. त्यामुळे एखाद्या अमेरिकन पुढाऱ्याचे भाषण मराठीत आणावयाचे झाले, म्हणजे भाषांतरकारास पदोपदी निवाडा करावा लागतो : येथील 'वुई' म्हणजे 'आम्ही' की 'आपण'? हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा आहे. परंतु नेता कोणास आपला मानतो व कोणास परका, ह्याचे उत्तर दिल्यावाचून तो सुटत नाही. अमेरिकेतील परंपरावादी राजकारणात १९६४ पासून नेतृत्वाची वाणी कशी पालटत गेली, हे ह्या एका सर्वनामाच्या साहाय्याने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

एमिल बेन्व्हेनिस्त ह्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये सर्वनामांविषयी एक मर्मग्राही विचार मांडला. 'मी' आणि 'तू' हे संभाषणात प्रत्यक्ष उपस्थित असतात. 'तो' मात्र केवळ बोलण्याचा विषय असतो, संभाषणाचा घटक नसतो. तसेच 'आम्ही' म्हणजे अनेक 'मीं'ची बेरीज नव्हे. 'मी' आणि 'मी' नसलेले कोणीतरी ह्यांचा तो संयोग असतो. हे 'कोणीतरी' कोण, हे वक्ता ठरवितो. राजकीय वक्तृत्वाची सारी शक्ती ह्या निवडीत साठविलेली असते.

अमेरिकन परंपरावाद्यांच्या बाबतीत ही निवड विशेष कठीण होती. 'परंपरावादी' हा मराठी शब्दही येथे पुरेसा पडत नाही; कारण ह्या नावाखाली तीन भिन्न प्रवाह एकत्र आले. बाजारपेठेवर शासनाचे नियंत्रण नको असे म्हणणारे, धर्म व कुटुंबसंस्था ह्यांच्या रक्षणास अग्रक्रम देणारे, आणि साम्यवादाचा प्रतिकार हेच युगकर्तव्य मानणारे, असे ते तीन प्रवाह होत. विल्यम बक्ली ह्यांनी १९५५ मध्ये काढलेल्या 'नॅशनल रिव्ह्यू' ह्या नियतकालिकाने त्यांस एका छत्राखाली आणण्याचा प्रयत्न केला. ज्यांचे हितसंबंध एकमेकांशी सहज जुळणारे नाहीत अशांचा समूह 'आम्ही' म्हणून आयता उभा नसतो. तो वाणीने घडवावा लागतो. ह्या पक्षातील नेतृत्वाचा प्रश्न आरंभापासूनच भाषेचाही प्रश्न होता तो ह्यामुळे.

ह्या घडणीचा पहिला ठळक प्रयोग बॅरी गोल्डवॉटर ह्यांचा. सॅन फ्रान्सिस्को येथे १६ जुलै १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी केलेल्या भाषणातील 'वुई' निःसंशय 'आम्ही' आहे. प्रामाणिकपणे सामील होणाऱ्यांचे त्यांनी स्वागत केले; परंतु ज्यांस ह्या कार्याविषयी आस्था नाही ते आपल्या गोटात येतील अशी अपेक्षाच नाही, असेही त्यांनी स्पष्ट बजावले. स्वातंत्र्याच्या रक्षणार्थ स्वीकारलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे, हे त्याच भाषणातील त्यांचे प्रसिद्ध विधान. दोनच दिवसांपूर्वी त्याच अधिवेशनात नेमस्त गटाचे नेते नेल्सन रॉकफेलर ह्यांस सभागृहाने आरडाओरडा करून बोलणे अशक्य केले होते. तेव्हा हे विधान आपणांस उद्देशून आहे असे नेमस्तांस वाटले, ह्यात नवल नाही. निष्ठावंतांचा समूह घट्ट झाला, परंतु लहान राहिला. निवडणुकीत गोल्डवॉटर ह्यांस ६ राज्ये व ५२ निर्वाचक मते मिळाली. लिंडन जॉन्सन ह्यांस ४८६.

त्याच मोहिमेत २७ ऑक्टोबर १९६४ रोजी रॉनल्ड रेगन ह्यांनी गोल्डवॉटर ह्यांच्या समर्थनार्थ दूरचित्रवाणीवरून भाषण केले. विचार बहुतांशी तेच होते. संबोधनाची रीत मात्र वेगळी होती. आपण आयुष्याचा बहुतेक काळ डेमोक्रॅट होतो, अलीकडेच वेगळा मार्ग धरला, हे त्यांनी आरंभीच सांगितले. ज्या श्रोत्याने विरुद्ध पक्षास मत दिले असेल त्यासही ह्या एका वाक्याने दार उघडे झाले. रेगन ह्यांची ही शैली केवळ नटाच्या पेशातून आलेली नव्हती. १९५४ ते १९६२ ह्या काळात ते जनरल इलेक्ट्रिक ह्या कंपनीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे निवेदक होते, आणि त्या करारान्वये कंपनीच्या कारखान्यांत हिंडून कामगारांसमोर बोलत असत. समोरचा श्रोता आपल्या मताचा नसेल हे गृहीत धरूनच बोलण्याची सवय त्यांस तेथे जडली.

अध्यक्षपदी आल्यावर, २० जानेवारी १९८१ च्या भाषणात, प्रचलित संकटात शासन हे आपल्या समस्येचे उत्तर नसून शासन हीच समस्या आहे, असे त्यांनी म्हटले. ह्या विधानाची भाषिक रचना लक्षणीय आहे. येथे 'ते' ह्या स्थानी कोणी नागरिक नाही. एक संस्था आहे. परका म्हणून एका यंत्रणेस उभे केल्यामुळे सर्व नागरिकांस 'आपण' ह्या पदात घेणे शक्य झाले. ११ जानेवारी १९८९ च्या निरोपाच्या भाषणातही 'आपण लोक' शासनास काय करावे ते सांगतो, शासन आपणांस सांगत नाही, ह्या आशयावर त्यांनी भर दिला. १९८४ मध्ये ५० पैकी ४९ राज्ये त्यांनी जिंकली. तथापि हे 'आपण' निर्दोष होते असे मानण्याचे कारण नाही. १९७६ च्या प्रचारात शासकीय साहाय्य लबाडीने लाटणाऱ्या शिकागोच्या एका स्त्रीची कथा ते वारंवार सांगत. त्या कथेतून गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय, नागरिकांस 'आपण' ह्या वर्तुळाबाहेर ढकलले गेले, असा टीकाकारांचा आक्षेप आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सर्वसमावेशक सर्वनामालाही सावली असते.

ह्या दोहोंच्या मध्ये रिचर्ड निक्सन ह्यांनी द्वितीय पुरुषाचा उपयोग केला होता. व्हिएतनामविषयीच्या ३ नोव्हेंबर १९६९ च्या भाषणात त्यांनी 'मूक बहुसंख्य' देशबांधवांस 'तुम्ही' म्हणून साद घातली व त्यांचा पाठिंबा मागितला. जे बोलत नाहीत त्यांची गणना करता येत नाही. म्हणून ज्या कोणास ते संबोधन आपले वाटले तो त्या समूहात आला. येथे नाव आधी आणि समूह नंतर, असा क्रम आहे.

१९८० नंतर श्रोत्याचे स्वरूपच पालटू लागले. प्रतिनिधिगृहाचे कामकाज १९७९ पासून सी-स्पॅन ह्या वाहिनीवरून दिसू लागले होते. न्यूट गिंग्रिच व त्यांचे सहकारी दिवसाचे काम संपल्यावर रिकाम्या सभागृहात भाषणे करीत. नाममात्र संबोधन सभापतीस, वास्तविक श्रोता दूर घरी बसलेला. १९८४ च्या मे महिन्यात सभापती टिप ओनील ह्यांनी कॅमेरा रिकाम्या आसनांवरून फिरविण्याची आज्ञा दिली, तेव्हा ही फारकत सर्वांस दिसली. पुढे १९९० मध्ये गिंग्रिच ह्यांच्या 'गोपॅक' ह्या संघटनेने उमेदवारांसाठी एक शब्दसूची प्रसृत केली. स्वपक्षासाठी गौरवाचे शब्द आणि प्रतिपक्षासाठी 'भ्रष्ट', 'देशद्रोही', 'रोगट' ह्या अर्थांचे शब्द तीत मांडून दिले होते. प्रतिपक्ष येथे बेन्व्हेनिस्तच्या अर्थाने खरोखरच 'तो' झाला : ज्याच्याविषयी बोलावयाचे, ज्याच्याशी नव्हे. १९९४ मध्ये पक्षाने ५४ जागा अधिक मिळवून चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले. ह्या विजयास अनेक कारणे होती, आणि केवळ शब्दसूचीस त्याचे श्रेय देणे अशास्त्रीय ठरेल. परंतु शब्दयोजना हे नेतृत्वाचे शिकविण्याजोगे तंत्र आहे, ही धारणा ह्या काळात दृढ झाली.

नभोवाणीवरही असाच पालट झाला. वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन प्रक्षेपकांवर घालणारा १९४९ चा नियम १९८७ मध्ये रद्द झाला, आणि पुढील वर्षी रश लिंबॉ ह्यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही वाहिनी निघाली. मोजक्याच वाहिन्या असताना मतभेद असलेला श्रोताही नेत्याचे भाषण ऐके; आता समविचारी श्रोता स्वतःची वाहिनी निवडू लागला. जो श्रोता आधीच आपला आहे त्याच्यासमोर 'आपण' म्हणून इतरांस आत बोलाविण्याचे प्रयोजन उरत नाही.

ह्याच काळापर्यंत पक्षातील मध्यस्थांचे बळही घटले होते. १९७२ पासून उमेदवाराची निवड प्राथमिक निवडणुकांतील मतदारांच्या हाती अधिकाधिक गेली. पक्षधुरीणांची संमती पूर्वीइतकी अनिवार्य राहिली नाही. डोनाल्ड ट्रम्प ह्यांची भाषा ह्या दोन्ही बदलांच्या संगमावर उभी आहे. क्लीव्हलंड येथे २१ जुलै २०१६ रोजी उमेदवारी स्वीकारताना 'मी तुमचा आवाज आहे' आणि ही व्यवस्था 'मी एकटाच' दुरुस्त करू शकतो, असे त्यांनी सांगितले. येथे भाषांतरकाराचा पेच सुटतो, कारण 'वुई'च्या जागी 'मी' आणि 'तुम्ही' आले आहेत. समूह एकमेकांशी जोडलेला नाही; प्रत्येक जण थेट नेत्याशी जोडलेला आहे. ट्विटरने ह्या थेटपणास सोयीचे साधन पुरविले.

परंतु एका भाषणावरून शैलीचा सिद्धान्त बांधणे घातक असते. त्याच ट्रम्प ह्यांच्या २० जानेवारी २०१७ च्या भाषणात 'मी' अगदी मोजक्या वेळा येतो व 'वुई' सर्वत्र आढळते. त्यात राजधानीतील सत्ता 'तुम्हां लोकांस' परत दिल्याची घोषणा आहे. म्हणजे पदाची औपचारिकता वक्त्याच्या प्रवृत्तीवर मर्यादा घालते. सर्वनामांची नुसती मोजणी करून भागत नाही. प्रसंग, माध्यम आणि श्रोता ह्यांच्यासह त्यांचा अर्थ लावावा लागतो.

ह्या दृष्टीने पाहिले असता गोल्डवॉटर ते ट्रम्प हा प्रवास व्यक्तींच्या स्वभावभेदांपुरता उरत नाही. निष्ठावंतांच्या सभागृहात 'आम्ही', संमिश्र श्रोतृवर्गासमोर 'आपण', निवडलेल्या वाहिनीवर पुन्हा 'आम्ही', आणि मध्यस्थ दूर होताच 'मी' व 'तुम्ही', असा हा क्रम आहे. कोण ऐकत आहे ह्यावरून नेत्याचे सर्वनाम बहुतांशी ठरते. ज्या नागरिकाने मत दिले नाही त्याच्याशीही नेता बोलतो की केवळ त्याच्याविषयी बोलतो, हा लोकशाहीतील कळीचा प्रश्न होय. म्हणूनच अमेरिकन राजकारणाचे वृत्त मराठीत देणाऱ्याने 'वुई'साठी 'आम्ही' योजले की 'आपण', ही बाब क्षुल्लक नव्हे. त्या एका शब्दात त्याने भाषणाचा निम्मा अर्थ लावलेला असतो.