व्हीएनआयटी ते मिहान: इंजिनिअर सल्लागार कसा होतो

इंजिनिअरिंग करून व्यवस्थापन सल्लागार होणं ही काही नवी टूम नाही. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या मेकॅनिकल इंजिनिअरने १८९३ मध्येच कारखान्यांना सल्ला देण्याचा स्वतंत्र व्यवसाय थाटला होता. नागपुरात तर ही दोन्ही टोकं काही वर्षं एकाच आवारात होती. आयआयएम नागपूर २०१५ साली सुरू झालं ते व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत. मिहानमधल्या स्वतःच्या कॅम्पसचं उद्घाटन २०२२ मध्ये झालं.

नेहमीची वाट कॅट या एमबीए प्रवेश परीक्षेची. त्यातलं गणित इंजिनिअरला फारसं जड जात नाही, घाम फुटतो तो इंग्रजी उताऱ्यांपाशी. खरी कसोटी मात्र सल्लागार कंपनीच्या मुलाखतीत. समजा विचारलं, 'नागपुरात रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या किती प्लेट खपतात?' नेमकं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं, अंदाज बांधायचा असतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख. चौघांचं कुटुंब धरलं तर ६ लाख घरं. दहातलं एक घर बाहेर खातं, घरटी दोन प्लेट, म्हणजे १ लाख २० हजार. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतं. गृहीतकं मात्र बोलून दाखवावी लागतात. लगेच पुढचा प्रश्न येतो: दहातलं एकच का? आपली हुशार मुलं इथेच अडतात. हिशेब पक्का, पण तोंड उघडत नाही.

काही कंपन्या एमबीएशिवायही पदवीधरांना विश्लेषक म्हणून घेतात. एमबीएची फी लाखांत जाते. तेव्हा शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी एक-दोन वर्षं बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करून पाहा.