हजार तुकड्यांचं गाव

तीन आठवडे झाले, आमच्या डायनिंग टेबलवर एक गाव पसरलंय. मी आणि माझी रूम पार्टनर सध्या जमिनीवर बसून जेवतो!

गाव अमेरिकेतलं, समुद्रकाठचं. लाल-पांढरी लाकडी घरं, दीपगृह, शिडाची जहाजं आणि नखाएवढी माणसं. चार्ल्स वायसॉकी (१९२८-२००२) हा मूळचा डेट्रॉइटचा चित्रकार. आधी जाहिरातींसाठी चित्रं काढायचा, मग लोककलेच्या सपाट, बाळबोध शैलीत जुन्या काळची गावं रंगवू लागला. त्याच्या चित्रांची जिगसॉ पझल्स आजही खपतात. ऑफिसातून नऊला अंधेरीत पोचायचं, मोबाइल लांब ठेवायचा आणि पंधरा-वीस तुकडे जुळवायचे. डोकं खरंच शांत होतं. (योगा क्लासपेक्षा स्वस्त, हेही आहेच.)

परवा ऑफिसातली मैत्रीण घरी आली. ती वर्सोवा कोळीवाड्यातली. तिच्या घरी अजून ‘वेसावे’च म्हणतात. टेबलाभोवती एक चक्कर मारून म्हणाली, ‘‘छान आहे गं. पण यांची जाळी कुठे आहेत? मासे कुठे सुकवतात?’’

मी शोधलं. जुळवलेल्या भागात तरी एकही मासा नव्हता.

‘‘रविवारी घरी ये,’’ ती म्हणाली. ‘‘वास सहन झाला तर जेवून जा.’’

सात बंगल्याहून रिक्षानं जेमतेम दहा मिनिटं. चार वर्षं इथे राहून मी तिथे कधी गेले नव्हते, हे लिहितानाही लाज वाटतेय. एक स्कूटर आली की भिंतीला चिकटावं लागेल अशा गल्ल्या, रंगवलेल्या बोटी, खाडीत प्लास्टिक आणि बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले, अगदी जिगसॉच्या तुकड्यांसारखे!

तिच्या बाबांना पझलची किंमत सांगितली. ‘‘एवढ्यात चांगलं पापलेट आलं असतं,’’ ते म्हणाले. मी हसत विचारलं, ‘‘काका, ही बोंबील सुकवायची जागा तुमचीच ना?’’ ते एकदम गप्प झाले. उत्तर मैत्रिणीनं दिलं. वापरायला सगळ्यांची, पिढ्यानपिढ्या. कागदावर कोणाची, तो वेगळा प्रश्न. मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या हद्दी आखून द्या, ही मागणी कित्येक वर्षं चालू आहे. घरांभोवती रेघ मारली आणि वाळवणाची, जाळी विणायची, बोटी ओढायची जागा बाहेर राहिली, तर धंदा करायचा कुठे?

गंमत बघा, जिगसॉची सुरुवातच नकाशातून झाली. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल शिकवायला. हे मी काकांना सांगितलं. ‘‘त्याला सीमा आधी कोणी दिल्या?’’ त्यांनी विचारलं.

माझं आकाश अजून बाकी आहे. अडीचशे तुकडे, सगळे निळे. येत्या शनिवारी मैत्रीण मदतीला येणार आहे, येताना सुके बोंबील घेऊन. रूम पार्टनरला अजून सांगितलेलं नाही.