सी आणि असेंब्लीची गाठ कुठे अडते?

वसई तालुक्यातल्या उमेळ्याच्या मुलांना संगणक अभियांत्रिकी शिकायला फार लांब जावं लागत नाही. वसई रोडला विद्यावर्धिनीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून आहे, विरारजवळ शिरगावला विवा इन्स्टिट्यूट आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या मायक्रोप्रोसेसर विषयाच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘मिक्स्ड लँग्वेज प्रोग्रॅम’ नावाचा प्रकार येतो. थोडा प्रोग्रॅम सीमध्ये लिहायचा, थोडा असेंब्लीत, आणि दोन्ही जोडून एकच प्रोग्रॅम चालवायचा. सीची फाइल विनातक्रार कम्पाइल होते. असेंब्लीची फाइलही असेंबल होते. आणि शेवटच्या पायरीवर पडद्यावर ओळ उमटते: ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू बेरीज’.

मग दोन्ही फाइली पुन्हा पुन्हा वाचल्या जातात. सिंटॅक्समध्ये काहीच सापडत नाही, कारण चूक तिथे नसतेच. ती दोन फाइलींच्या मधल्या जागेत असते, आणि त्या जागेवर काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे लिंकर. त्याची सविस्तर ओळख विद्यार्थ्यांना होते ती ‘सिस्टीम प्रोग्रॅमिंग अँड कम्पायलर कन्स्ट्रक्शन’ या विषयात, आणि तो येतो मायक्रोप्रोसेसरच्या नंतरच्या सत्रात. आधी एरर, मग वर्गात तिचं कारण, असा हा उलटा क्रम आहे. मुलं लिंकरला घाबरतात त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

लिंकर करतो काय, हे एका सूचनेवरून पाहता येतं. सीच्या मेन फंक्शनमध्ये ‘बेरीज’ हे फंक्शन बोलावलं आहे, पण ते लिहिलंय दुसऱ्या फाइलीत, असेंब्लीत. कम्पायलरला त्याचा पत्ता ठाऊक नसतो. इंटेलच्या प्रोसेसरवर तो ‘कॉल’ या सूचनेचा एक बाइट लिहितो आणि पुढचे चार बाइट शून्य ठेवतो. सोबत, कम्पाइल होऊन तयार होणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलीत नोंद करतो की या चार बाइटांत ‘बेरीज’ची जागा भरायची आहे. या नोंदीला रिलोकेशन म्हणतात. लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र मांडतो, प्रत्येक नावाला पत्ता देतो आणि ती शून्यं भरून काढतो. ‘बेरीज’ कोणत्याच फाइलीत जाहीरपणे सापडलं नाही, की तो थांबतो आणि वरची ओळ छापतो. त्याला सी कळत नाही, असेंब्लीही कळत नाही. त्याला फक्त नावं, पत्ते आणि रिकाम्या जागा कळतात.

म्हणून पहिला उपाय प्रोग्रॅम वाचण्याचा नाही, नावं वाचण्याचा आहे. त्यासाठी लिनक्सवर ‘एनएम’ नावाची छोटी कमांड आहे. ती ऑब्जेक्ट फाइलीवर चालवली की आतल्या नावांची यादी मिळते आणि प्रत्येक नावाच्या आधी एक अक्षर असतं. सीच्या फाइलीत ‘बेरीज’पुढे यू दिसतं: नाव हवं आहे, इथे नाही. असेंब्लीच्या फाइलीत त्याच नावापुढे कॅपिटल टी दिसायला हवा: फंक्शन इथे आहे आणि बाहेरच्यांना खुलं आहे. तिथे स्मॉल टी दिसला, तर लेबल आहे पण खासगी आहे. नॅसम या असेंबलरमध्ये लेबल मुळात खासगीच असतं. ‘ग्लोबल बेरीज’ अशी एक ओळ वर लिहिली की स्मॉल टीचा कॅपिटल टी होतो आणि एरर जाते. कितीतरी प्रॅक्टिकलं या एका ओळीपायी अडलेली असतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये वर्षानुवर्षं एक असाइनमेंट दिलं जात आलं आहे. मजकुराच्या फाइलीतल्या रिकाम्या जागा, ओळी आणि एखादं अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं, प्रोग्रॅम दोन फाइलींत विभागायचा, आणि ‘पब्लिक’ व ‘एक्स्टर्न’ वापरणं सक्तीचं. असाइनमेंट उत्तम आहे, कारण ते लिंकरशी समोरासमोर गाठ घालून देतं. फक्त ‘पब्लिक’ हा मॅझम आणि टॅझम या असेंबलरांचा शब्द आहे. नॅसमवर काम करणाऱ्याने त्या जागी ‘ग्लोबल’ लिहायचं असतं.

नाव खुलं असूनही जुळत नाही, तेव्हा स्पेलिंग अक्षरन् अक्षर ताडून पाहावं. लिंकर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी मानतो. डॉसवरचा टर्बो सी आणि टॅझम वापरणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो, कारण टॅझम सांगितल्याशिवाय सगळी नावं कॅपिटल करून टाकतो. ‘एमएल’ हा स्विच दिला की तो अक्षरं जशीच्या तशी ठेवतो. टर्बो सीचा दुसरा रिवाज म्हणजे सीमधल्या प्रत्येक नावाआधी अंडरस्कोर लावणं. ही चाल जुन्या युनिक्सपासूनची. सीमधली नावं असेंब्लीतल्या नावांशी धडकू नयेत हा तिचा हेतू. आजच्या लिनक्सवर हा अंडरस्कोर लागत नाही, ६४ बिटी विंडोजवरही नाही, पण ३२ बिटी विंडोजवर आणि मॅकवर अजून लागतो. त्यामुळे जुन्या पुस्तकातला असेंब्ली प्रोग्रॅम लिनक्सवर जसाच्या तसा उतरवला, तर तो जुळत नाही. सीऐवजी सी प्लस प्लस वापरलं, तर कम्पायलर नावातच पॅरामीटरची माहिती गुंफतो आणि नाव ओळखू येईनासं होतं. तिथे ‘एक्स्टर्न सी’ अशी घोषणा लिहावी लागते.

याच्या उलटी तक्रार म्हणजे ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ अंडरस्कोर स्टार्ट’. लॅबमधले सुरुवातीचे असेंब्ली प्रोग्रॅम ‘अंडरस्कोर स्टार्ट’ या लेबलापासून सुरू होतात आणि थेट ‘एलडी’ या लिंकरने लिंक होतात. पुढे कुणाला सीचं प्रिंटएफ वापरावंसं वाटतं आणि तो जीसीसी या सी कम्पायलरने लिंक करतो. पण जीसीसी स्वतःची एक प्रारंभिक फाइल जोडतो, तिच्यातही हेच लेबल असतं, आणि ती पुढे ‘मेन’ शोधते; ते नसल्याचीही तक्रार येते. असेंब्लीतल्या लेबलाचं नाव ‘मेन’ केलं आणि शेवटी एक्झिट सिस्टीम कॉलऐवजी ‘रेट’ लिहिलं, की दोन्ही तक्रारी मिटतात.

काही एरर तर प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही न बदलता उपटतात. उबुंटूने ऑक्टोबर २०१६ मधल्या १६.१० या आवृत्तीपासून ६४ बिटी संगणकांवर प्रोग्रॅम मेमरीत कुठेही बसू शकेल अशा पद्धतीने तयार करायला सुरुवात केली. सुरक्षेसाठी हे चांगलंच. पण त्याआधीचे असेंब्ली प्रोग्रॅम ठरलेला ३२ बिटी पत्ता गृहीत धरत. ते नव्या यंत्रावर लिंक करताना रिलोकेशनची लांबलचक तक्रार येते आणि ‘एफपीआयई देऊन पुन्हा कम्पाइल करा’ असा सल्ला मिळतो. सल्ला सीच्या फाइलीसाठी योग्य आहे. असेंब्लीत हे काम स्विचवर भागत नाही. पत्ता ‘रेल’ शब्द वापरून, म्हणजे चालू सूचनेपासूनच्या अंतराने, हातानेच लिहावा लागतो. प्रॅक्टिकलपुरतं जीसीसीला ‘नो-पाय’ हा पर्याय देऊन निभावता येतं.

आणखी दोन गोष्टी. असेंब्लीची फाइल ३२ बिटी आणि सीची ६४ बिटी झाली, तर लिंकर स्पष्ट शब्दांत ‘इनकम्पॅटिबल’ म्हणतो. नॅसमला ‘एल्फ६४’ऐवजी ‘एल्फ३२’ हा फॉरमॅट दिलेला असतो, इतकंच. आणि सीची व असेंब्लीची फाइल एकाच नावाची असली, तर दोघींची ऑब्जेक्ट फाइलही एकाच नावाची होते आणि नंतरची आधीचीला पुसून टाकते. त्यांना वेगळी नावं द्यावीत.

लिंकर मात्र एका बाबतीत काहीच बोलत नाही. लिनक्सवर ६४ बिटी सी पहिले सहा पूर्णांक आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांतून पाठवतो आणि उत्तर आरएएक्समध्ये शोधतो. विंडोजवर सुरुवात आरसीएक्सपासून होते आणि रजिस्टर चारच. असेंब्लीत भलतं रजिस्टर वाचलं, किंवा प्रिंटएफला बोलावताना स्टॅक १६ बाइटांच्या पटीत ठेवला नाही, तरी लिंकिंग सुरळीत पार पडतं. प्रोग्रॅम चालताना उत्तर चुकतं किंवा तो कोसळतो. लिंकर नावं जुळवतो, करार तपासत नाही.

आज असेंब्ली लिहितो कोण, असा प्रश्न मुलं विचारतात. लिनक्स कर्नलमध्ये सिस्टीम कॉल आत शिरतो तो दरवाजा असेंब्लीतच आहे. व्हिडिओलॅनच्या डेव्ह१डी या एव्ही१ व्हिडिओ डीकोडरमध्ये सीपेक्षा असेंब्लीच्या ओळी कितीतरी जास्त आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘अजित’सारख्या प्रोसेसरवर ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय प्रोग्रॅम चालवायचा, तर स्टॅक मांडून सीच्या मेनपर्यंत पोचवणाऱ्या पहिल्या काही सूचना असेंब्लीतच लागतात, आणि त्या सीशी लिंकरनेच जोडायच्या असतात. ज्ञानाचीही आपल्याकडे वानवा नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या सिस्टम्स प्रोग्रॅमिंगवरच्या पाठ्यपुस्तकात लिंकरवर सविस्तर प्रकरण आहे. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि जीसीसीच्या अंतरंगाचं प्रशिक्षण तिथे दिलं गेलं.

तेव्हा मायक्रोप्रोसेसरची लॅब घेणाऱ्या प्राध्यापकांना एक विनंती. मिक्स्ड लँग्वेजच्या प्रॅक्टिकलआधी अर्धा तास काढून ‘ग्लोबल’ची ओळ मुद्दाम काढून टाका, लिंकरला तक्रार करू द्या, आणि दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींवर एनएम चालवून यू आणि टी मुलांना स्वतः शोधू द्या. त्यासाठी अभ्यासक्रम बदलायची गरज नाही, आणि एनएम ही कमांड जीसीसी असलेल्या लॅबमधल्या प्रत्येक लिनक्स संगणकावर आधीपासूनच आहे.